भट्टीला नावं ठेवून कुणी जाऊ नये

मी एक जुनी पावाची भट्टी आहे, आणि आज चटकीने मला तोंडावर म्हातारी म्हटलं. मित्रांनो, म्हातारी मी आहेच. पण पाव जाळले तिने आणि बोल मला? हे मी ऐकून घेणार नाही.

मला बांधणारा गवंडी वीट न् वीट वाजवून घ्यायचा. मला लिहिता-वाचता येत नाही, पण माझ्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटात काय शिजतंय ते बरोबर कळतं.

इथे तिघी राबतात. पीठ मळणारी मावशी, गोळे वळणारी मुकी (हिचं तोंड घटकाभर मिटत नाही, म्हणून हे नाव) आणि भाजणारी चटकी. पहिल्याच दिवशी हिने कोपरापर्यंत भाजून घेतलं होतं, म्हणून ही चटकी. मावशीने हात पाण्यात धरून ठेवला, मुकीने दोघींचं काम ओढलं. चिमूटभर पीठ आत टाकून त्याच्या रंगावरून माझी धग ओळखायला मी शिकवलं. आज तिच्यासारखं भाजणारी दुसरी नाही.

आमची एक रीत आहे. पहिल्या खेपेतला एक पाव विकायचा नाही, तिघींनी मोडून माझ्यासमोर उभ्यानेच खायचा. हल्ली चटकी तो खात नाही. भूक नाही म्हणते. परवा मावशीला म्हणाली, पीठ सैल मळलंय. मुळीच नव्हतं. काल मुकीला म्हणाली, तुझ्या बडबडीने डोकं उठतं. मुकी दिवसभर खरंच मुकी झाली.

कारण मला ठाऊक आहे. मोठ्या बेकरीतून बोलावणं आलंय. विजेच्या भट्ट्या, हाताखाली वीस माणसं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. माझ्या आडोशाला उभी राहून नवऱ्याशी फोनवर तेच बोलत होती, तोवर आत अख्खी खेप कोळसा झाली.

मावशी धावत आली. चटकी म्हणाली, "भट्टीच म्हातारी झालीय. इथे राहून कुणाचं भलं होणार आहे?"

"असेल गं, माझंच पीठ बिघडलं असेल," मावशी म्हणाली आणि जळके पाव गोळा करू लागली.

माझं अंग तिथेच पेटलं. पोर वर चढतेय याचा मला राग नाही. पण निघायचा धीर होत नाही म्हणून ही भांडण उकरून काढतेय. यांनीच हाकलावं, म्हणजे ही सुटली!

आता मावशी आणि मुकी मागे हात धुवायला गेल्यात. चटकी माझ्या भिंतीला पाठ टेकून मुसमुसतेय. मी धग कमी केली नाही. म्हटलं, "ऐक गं चटके. जायचंय तर जा, खुशाल मोठी हो. पण जाण्यासाठी आम्हाला वाईट ठरवू नकोस. मावशीला आणि मुकीला समोर बसव आणि सांग, तुमच्यात जीव अडकलाय, तरी मी निघालेय. रडतील दोघी, रडू देत. एवढं तोंडाने सांगवत नसेल, तर तिथली वीस माणसं काय कपाळ सांभाळणार आहेस?"