बटणने लिहिलेली कृती

आमच्या नातीला सगळे बटण म्हणतात. एकदा तोंड मिटलं की दोन्ही हातांनी ओढलं तरी उघडत नाही, म्हणून. ती तिसरीत आहे आणि तिला रोज शाळेत सोडण्याचं काम माझ्याकडे आहे. घरातलं तेवढं एकच काम माझं. मुलगा बाहेरगावी नोकरीला. बाकीची कामं सूनबाईने एकेक करून, गोड बोलून माझ्याकडून काढून घेतली. आधी गॅस, मग बाजार, मग दिवे बदलणं. "अप्पा, तुम्ही आता आराम करा." आराम हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. शाळेच्या रस्त्यावरच्या निम्म्याअधिक पाट्या माझ्या हातच्या. अजूनही लोक मला पेंटर म्हणूनच हाक मारतात. तर या पेंटरच्या डोळ्यांनी गेल्या वर्षापासून दगा द्यायला सुरुवात केली होती. कडेकडेचं सगळं दिसतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं, ओल्या रंगावरून कुणीतरी बोट फिरवावं तसं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सूनबाईने दुसऱ्या दिवशी शाळेची गाडी लावली असती आणि मी खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजली असती. तीही धड दिसली नसती.

आणि खरं सांगू का, काही अडत नव्हतं. रस्ता पायाखालचा. बटणचा हात धरायचा आणि निघायचं. वाटेत मी तिला पाट्या वाचायला लावायचो.

"ही वाच बरं."

"टिकाऊ चप्पल भांडार."

"बरोबर. आणि ही?"

"घड्याळं दुरुस्त करून मिळतील."

"शाब्बास."

तिला वाचायला मीच शिकवलं, हे मी ज्याला त्याला ऐकवत असे. ऐकून ऐकून दूधवाल्याचे कान किटले असतील.

मग एका सकाळी तिच्या बाईंनी मला फाटकापाशी गाठलं. बाई वयाने लहान, पण बोलणं ठाम. "शनिवारी पालकांनी वर्गात यायचंय, आजोबा. मुलांनी कृती लिहिल्यात. आपल्याला जे चांगलं जमतं ते कसं करायचं, एकेक पायरी. सगळ्या भिंतीवर लावल्यात. पालकांनी आपल्या मुलाची कृती काढायची, मोठ्याने वाचायची आणि जसं लिहिलंय तसंच करायचं. मुलांनी मात्र तोंडावर बोट."

मोठ्याने वाचायची, तीही सगळ्यांसमोर! घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, तूच जा. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसते. "येते की," ती म्हणाली, "पण शनिवारी गर्दी असते. मला यायला उशीर झाला तर तोवर तुम्ही सांभाळून घ्या."

बटणला विचारलं, "काय लिहिलंयस गं?"

"शनिवारी कळेल."

झालं. बटण लागलं. पण माझा अंदाज पक्का होता. सुट्टीत मी तिला ब्रश धरायला शिकवला होता. तेच लिहिलं असणार. ते तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

शनिवारी वर्गात ही धमाल. एका मुलाने दात कसे घासावेत ते लिहिलं होतं, पण ट्यूबचं झाकण काढायचं लिहायला विसरला होता. त्याचा बाप औषधांच्या दुकानाचा मालक, एरवी नाकावर माशी बसू न देणारा. तो बिचारा बंद ट्यूब ब्रशवर घासत उभा. पोरगा तोंडावर बोट ठेवून लालबुंद. एका मुलीच्या आईला बूट घालायचे होते, पण कृतीत मोज्यांचा नंबर बुटांच्या नंतर होता. तिने खरंच बुटांवरून मोजे चढवले. सगळा वर्ग हसून लोटपोट. मी आवाजावरून आणि कडेकडेने दिसेल तेवढं बघून हसत होतो, आणि दर वेळी पुढचं नाव बटणचं नको म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो.

शेवटची कृती कागदी विमानाची निघाली. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी मैदानात जाऊन उडवा." वर्ग रिकामा झाला. मीही हळूच निघालो, तर बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमची राहिली. मी मुद्दाम शेवटी ठेवली होती."

त्यांनी कागद भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. मी चष्मा पुसला. पुसून काही उपयोग नव्हता, पण तेवढाच वेळ मिळाला. कागदाच्या कडा दिसत होत्या, मधे सगळं धुकं. बटण बाकापाशी तोंडावर बोट ठेवून उभी होती.

मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो. "पायरी पहिली. ब्रश पाण्यात भिजवून निथळून घ्या. पायरी दुसरी. रंग ढवळा, पण फेस येऊ देऊ नका. पायरी तिसरी. श्वास रोखा आणि वरून खाली एकच फटकारा..."

कडेने मला बटण दिसत होती. बोट तोंडावरच होतं, पण ती मान हलवत होती. नाही, नाही. मी तरीही पाचव्या पायरीपर्यंत रेटलं. काय करणार, थांबायचं कसं ते कळेना.

तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला. "अप्पा, द्या इकडे."

सूनबाई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने कागद घेतला आणि, तिची खिडकीवरची सवय, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत वाचू लागली.

"आजोबांना शाळेत कसं न्यावं. एक. आजोबांचा हात धरा. पण त्यांना वाटलं पाहिजे की त्यांनीच आपला धरलाय.

"दोन. पायरी किंवा खड्डा आला की म्हणा, थांबा, माझ्या बुटाची नाडी सुटली. मग ते थांबतात.

"तीन. समोरून कोणी आलं की त्याला मोठ्याने हाक मारा. म्हणजे आजोबांना कळतं कोण आहे, आणि ते म्हणतात मी लांबूनच ओळखलं.

"चार. आजोबा पाट्या वाचायला लावतात. पूर्वी होतं तेच वाचा. आता नवीन पाट्या आहेत, पण त्या वाचू नका. त्यांना वाईट वाटेल.

"पाच. दिवा लाल असला तर तुम्हीच गप्पा मारत उभे राहा.

"सहा. शाळा आली. आत जा."

इथे ती थांबली. पुढचं वाचताना तिचा खिडकीवरचा आवाज राहिला नाही.

"सात. मग आजोबा एकटे घरी कसे जातात ते मला माहीत नाही. पहिला तास होईपर्यंत मी तेच शोधत असते."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. माझ्या पाट्या गेल्या, आणि ही चिमुरडी मला रोज त्या वाचून दाखवत होती! मी शाब्बास म्हणत होतो! आणि लगेच मला ती दिसली, पहिल्या तासाला पुस्तक उघडून बसलेली, मला रस्त्यात शोधणारी. माझ्या डोळ्यांना धार लागली. बाई खिडकीबाहेरची विमानं बघू लागल्या. शहाणी बाई.

"कृती अपुरी आहे," मग त्याच म्हणाल्या. "सातवी पायरी कुणाला माहीत आहे?"

मला माहीत होती. "भिंतीला हात लावून जातो," मी म्हणालो. "कोपऱ्यावर रस्ता ओलांडणारं कुणी मिळेपर्यंत उभा राहतो. मग त्याच्या मागोमाग. एकदा चुकलो होतो."

बटणने तोंडावरचं बोट काढलं, पेन्सिल घेतली आणि मी सांगितलं ते कागदावर लिहायला बसली. चुकलो होतो हेसुद्धा लिहिलं.

मी सूनबाईकडून त्या शब्दाची वाट बघत उभा होतो. आता म्हणेल, अप्पा, आता आराम.

"सोमवारी तिला तुम्हीच सोडायचं," ती म्हणाली. "मी तुमच्या मागोमाग येईन आणि परत येताना तुम्हाला घरी पोचवून कामाला जाईन. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र आज. त्यात तुमचं काही चालणार नाही."

"आज शनिवार, डॉक्टर भेटायचा नाही."

"भेटेल."

आम्ही निघालो. सूनबाईने माझा हात असा धरला की मला वाटावं, मीच तिचा धरलाय. वर्गाबाहेरच्या पायऱ्यांपाशी ती म्हणाली, "थांबा हं अप्पा, माझ्या चपलेचा बंद सुटला." तिच्या चपलांना बंद कुठला, नुसत्या फटक फटक वाजणाऱ्या. मी थांबलो. हाताने कठडा शोधला आणि एकेक पायरी उतरलो.

रस्त्याला लागल्यावर, चपलांचं दुकान यायला हवं होतं तिथे, मी बटणला म्हटलं, "ही वाच बरं."

"टिकाऊ चप्पल..."

"नाही. आता जे आहे ते."

ती जराशी घुटमळली. मग वाचलं, "मोबाइल दुरुस्ती. आत या."

"अक्षर कसं आहे?"

बटणने वर बघितलं असावं, कारण उत्तराला वेळ लागला.

"छान आहे, आजोबा," ती म्हणाली, आणि माझा हात आणखी घट्ट धरला.