मागच्या जिन्यावरची पाच मिनिटं

डोकी धुण्याचं काम लांबून पाहणाऱ्याला फार जिव्हाळ्याचं वाटतं. दिवसभर लोक आपलं डोकं तुमच्या हातात देतात, याहून जवळीक ती कुठली? पण डोकं हातात देणारा माणूस आधी डोळे मिटून घेतो. "पाणी फार गरम नाही ना?" "नाही." झाला संवाद.

केस कापायला शिकायला आलेल्या पोरीला पहिलं वर्षभर कात्री नुसती दिसते, मिळत नाही. डोकी धुवायची, खाली पडलेले केस झाडायचे, रंगाच्या वाट्या घासायच्या, टॉवेल वाळत घालायचे. सगळे तिला 'नवी' म्हणत. तिची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. शेजारच्या खोलीतला नळ रोज ऐकू यायचा, नळ सोडणारं माणूस मात्र तिनं कधी पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की तिच्या ध्यानात यायचं, सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही. मग ती खाली दुकानात जायची, साबणाचा भाव विचारायची आणि साबण न घेताच वर यायची. दुकानदार तिला चिक्कू समजत असावा. आईचा फोन आला की मात्र "सगळं छान आहे."

सलूनच्या मालकीणबाईंना मॅडम म्हणायची पद्धत होती. मॅडमचा एकच नियम होता, कुणाचे हात रिकामे दिसता कामा नयेत. त्या नियमाला सूटही एकच होती, ती सिगारेटची. एके काळी मॅडमनी स्वतः खूप ओढली होती, त्यामुळे तलफ आलेल्याची त्यांना दया यायची. त्यांच्या शास्त्रात तलफ हा आजार होता आणि थकवा हा नुसता आळस. त्यामुळे केस कापणारा दादा आणि रंग लावणारी ताई दिवसातून चार-पाच वेळा उजळ माथ्यानं मागच्या जिन्यावर जाऊन बसत. नवीचे पाय सुजले तरी ती आत टॉवेलच्या घड्या घालत उभी.

आणि खरी शाळा भरायची ती त्या जिन्यावरच. अर्धवट उघड्या दारातून तिला तुकडे तुकडे ऐकू यायचे. रडून आलेल्या बाईचे केस ती सांगेल तेवढे कापायचे नाहीत, दोन बोटं कमीच कापायचे. उद्या ती आपले आभार मानते. मग कुणाची तरी नक्कल, मग दोघांचं हसणं. कामाचं काय, ते आज ना उद्या आलंच असतं. तिला हवं होतं ते त्या हसण्यात बसायला. तिथं आपल्यालाही एक पायरी असावी, एवढीच तिची मागणी होती.

एक दिवस धीर करून ती बाहेर जाऊन बसली. दोन मिनिटांत दारात मॅडम.

"तू ओढतेस?"

"नाही."

"मग इथं काय करतेस? टॉवेल पडलेत आत."

दुसऱ्या दिवशी ताईनं तिच्या बोटांत एक सिगारेट खोचली. "नुसती धर गं. पेटवायची कशाला?" युक्ती नामी होती. पण मॅडम काही काल जन्मलेल्या नव्हत्या. तिसऱ्याच दिवशी त्या बाहेर आल्या आणि तिच्या हातातल्या कोऱ्या सिगारेटकडे बघत उभ्या राहिल्या. दादानं चटकन लायटर पुढे केला, जणू आत्ता पेटवणारच होता. विचार करायला वेळ नव्हता. एकीकडे टॉवेल, एकीकडे ही पायरी. तिनं झुरका घेतला.

ठसक्यानं ती अर्धमेली झाली. मॅडम हसत आत गेल्या. "अगं, ओढायची असते, गिळायची नाही," दादा म्हणाला. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दिवसभर दुसऱ्यांची डोकी चोळणाऱ्या त्या पोरीला कित्येक महिन्यांत कुणाचा हात लागला नव्हता. तिच्या डोळ्यांतलं पाणी सगळंच काही धुराचं नव्हतं.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सुखाचे. तिला थट्टा करता येते, हे तिचं तिलाच तिथं कळलं. मॅडमच्या चालण्याची नक्कल तर ती अशी करायची की दादाला जिन्याचा कठडा धरावा लागे.

मग दादा आणि ताईनं गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान थाटलं. "जरा बस्तान बसू दे, तुला बोलावूनच घेतो." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ताईच्या समोर गिऱ्हाईक होतं. त्यांच्या जागी आलेल्या दोघी सिगारेटच्या वासानं नाक मुरडत आणि डबा खाताना कानांत इअरफोनची बोंडं घालून बसत. जिन्यावर आता नवी एकटीच. माणसं गेली, सिगारेट राहिली. पाकीट आता तिचं स्वतःचं होतं.

दोन दिवसांच्या रजेवर ती घरी गेली. आईचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. "जगाची डोकी धुतेस, एकदा आईचं धू," आई म्हणाली. पोरीनं खुर्ची बेसिनला टेकवली, मानेखाली टॉवेल दिला आणि शाम्पू चोळायला घेतला. बोटं कपाळाशी आली तसे आईनं डोळे उघडले.

"बोटांना कसला वास गं?"

"रंगाचा."

"तुझ्या बापाबरोबर जन्म काढलाय मी. रंगाचा म्हणे." आई फेसासकट उठून बसली. "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय. कोण आहेत त्या भवान्या? नावं सांग. एकेकीची खरडपट्टी काढते."

"कुणी नाही आई."

"लपवू नकोस. संगतीशिवाय लागत नाही हे."

"होते दोघं. गेले सोडून. आता एकटीच ओढते."

"एकटी? मग बोलतेस कुणाशी?"

पोरीनं नळ सोडला, पाणी हातावर घेऊन बघितलं, उगाचच पुन्हा बघितलं.

"जेवायला तरी कोण असतं बरोबर?"

"मान मागे कर. फेस डोळ्यांत जाईल."

आईनं मान मागे केली. मघाशी जमवलेला सगळा राग तिच्याकडे तसाच पडून होता आणि तो काढायला कुणी नव्हतं. केस धुऊन झाले, टॉवेल गुंडाळून झाला, तरी ती उठली नाही.

"वाईट तर वाईट," ती म्हणाली, "पण तिथं तुला कुणीतरी आहे, असं वाटलं होतं गं मला."