राउटर आणि ताटाची वेळ

धाकट्या भावाने, बंड्याने पाठवलेलं खोकं थोरलीने उघडलं. आतला राउटर पांढराशुभ्र, कंपनीचा, सीलबंद. शेजारी बाबांचा जुना डबा, अँटेनाला चिकटपट्टी गुंडाळलेला. हा बदलायलाच ती आज मुद्दाम माहेरी आली होती.

आई मात्र मान वर न करता शेंगा निवडत होती.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय आपली झाली असं त्यांना वाटायचंच नाही. राउटर घरी आला त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीचं आतलं सॉफ्टवेअर पुसलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, सगळ्यांना खुलं असलेलं घातलं. पहिल्याच झटक्यात डबा बंद पडला.

"झालं समाधान?" आई कडाडली होती.

"अगं, मेला नाही, रुसलाय."

आणि खरंच, मनवला त्यांनी त्याला! मग काय विचारता, स्वारी हवेत. पहिला नियम घातला तो जेवणाचा. रात्रीच्या जेवणाला तासभर वायफाय आपोआप बंद. बंड्याचा खेळ ऐन रंगात यायचा, थोरलीच्या मैत्रिणींशी गप्पा जमायच्या, तेवढ्यात नेट गुल आणि आतून हाक, "चला, ताटावर!" दोघं पाय आपटत यायची. आणि एकदा बसली की हात वाळून जायचे तरी कुणी उठायचं नाही, इतकं हसायचे सगळे. थोरलीला आत्ताही आठवून गलबलून आलं.

बाबा गेले, नियम राहिला. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. रिसेट करावं तर बाबांनी केलेलं सगळंच पुसलं जाणार, म्हणून आजवर कुणी डब्याला हात लावला नव्हता.

"तासभर नेट नसलं तर माझं काय अडतंय?" आई शेवटी म्हणाली.

"तुझं नाही, बंड्याचं अडतंय. नव्या नोकरीत त्याला नेमका तोच तास मोकळा मिळतो. घरात मोबाइलची रेंज ही अशी. रोज फोन लावतो गं तो, लागत नाही."

"रोज?" आईचे हात थांबले. "मला वाटलं, विसरला मेला. सांगितलं का नाही मग?"

"बाबांचा नियम काढ, असं तुला कोण सांगणार?"

आई उठली. हात पुसून लॅपटॉपसमोर बसली. "ते राउटरचं पान उघड."

"अगं, पण पासवर्ड..."

"उघड म्हणते ना! आणि तू तिकडे बघ."

तिने एका बोटाने काहीतरी टाइप केलं. पान उघडलं. थोरली बघतच राहिली.

"तुला माहीत होता?"

"माझं माहेरचं लाडाचं नाव आहे. कुठलं, ते विचारू नकोस." आई लाजली, मग तिचे डोळे भरले. "सांगितला असता तर तुम्ही नियम काढून टाकला असतात. नेट गेलं की वाटायचं, हे आतून हाक मारताहेत. एकटीचं ताट वाढून घ्यायला तेवढाच आधार होता गं."

थोरली तिच्या शेजारी टेकली. आईने डोळे पुसले.

"पण त्यांनी हा उपद्व्याप केला तो तुम्ही ताटावर यावं म्हणून. आता त्याच्यामुळेच पोरगं यायचं अडलंय. दाखव, तो नियम कुठे पुसायचा."

थोरलीने दाखवलं. आईने स्वतः बटण दाबलं.

"आणि तो पांढरा परत पाठव. ह्यांचा डबा सांगितलेलं ऐकतो."

रात्री फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. जेवायच्या वेळेला तो वाजला. बंड्या कुठल्याशा जिन्यात उभा होता, हातात खाण्याचं पाकीट.

"लागला बुवा एकदाचा! नवा राउटर झकास आहे ना, आई?"

"उभ्याने काय खातोस? बस खाली," आई म्हणाली. आणि मग थेट बाबांच्या सुरात ओरडली, "चला, ताटावर!"

बंड्या हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. मग तो पायरीवर बसला, पाकीट मांडीवर घेतलं आणि आई वाढेपर्यंत थांबला.