झेंडूची गोळी

"दिसतंय! अरे, दात न् दात दिसतोय!"

घड्याळजी असा ओरडला, की शेजारचा किल्लीवाला हातातली कानस टाकून धावत आला. सगळ्यात बारीक चाक चिमट्यात धरून घड्याळजी चक्क नाचत होता. याच चाकांनी वर्षभर त्याच्या नाकी नऊ आणले होते. आपले डोळे गेले, आता दुकान किल्लीवाल्याच्या गळ्यात मारतो, असं तो जगभर सांगून बसला होता.

महिन्यापूर्वी लेकीने गोळ्या दिल्या होत्या. लेक डोळ्यांची डॉक्टर. "झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क आहे, बाबा. काहींना थोडाफार उपयोग होतो म्हणतात. पण जादू नाही हं, आणि लगेच तर नाहीच." बाबांनी त्यातलं 'उपयोग होतो' तेवढं ऐकलं. पण गोळी घ्यायची आठवण राहील तर शपथ! म्हणून बायको रोज दुपारी डबा आणि गोळी घेऊन दुकानात येऊ लागली. एरवी तिला तिथे मज्जाव. "माझ्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, कणभर धुळीने घड्याळ बंद पडतं," हे त्याचं लग्नापासूनचं पालुपद.

संध्याकाळी स्वारी बायकोला घेऊन थेट लेकीच्या दवाखान्यात.

"तपास! दुकान कुणाला देत नाही मी आता!"

लेकीने तक्ता वाचून घेतला. मग पुन्हा एकदा.

"बाबा, डोळे होते तसेच आहेत. एक ओळसुद्धा जास्त वाचली नाहीत."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मग मला दिसलं ते काय खोटं?"

"मी मागेही सांगितलं होतं, वयाच्या मानाने डोळे छान आहेत. तुम्ही ऐकाल तर ना!"

तेवढ्यात बायको चाचरत म्हणाली, "अहो, आधी कबूल करा, ओरडणार नाही. तुम्ही जेवायच्या आधी हात धुवायला गेलात, की मी ते तुमचं डोळ्याला लावायचं भिंग पुसते. पहिल्या दिवशी बघवेना हो. तेलाचा हा एवढा थर! रोज घासून घासून आज कुठे लख्ख झालं."

घड्याळजी आ वासून बघत राहिला. दुनियेची घड्याळं त्याने चकाचक केली, पण स्वतःच्या भिंगाला कधी फडकं लावलं नव्हतं. लेकीला हसू आवरेना. आणि मग तो ताडकन उठला.

"म्हणजे डोळे गेलेच नव्हते! अगं, गेलेच नव्हते!" तो आनंदाने ओरडला. दवाखान्यातले पेशंट माना वळवून बघू लागले, पण त्याला कुणाची पर्वा?

 घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "गोळ्या संपल्या तरी दुपारची येत जा."

"भिंग पुसायला?"

"ते मी पुसेन. तू नुसती येत जा."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली, तेव्हा टेबलाला अगदी लागून आणखी एक खुर्ची मांडलेली होती.