मला आत नेतात तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका लहान गावात, देवाजीभाऊंच्या घरी माझं आयुष्य गेलं. माझे पाय सागाचे आणि वीण अंबाडीच्या दोरीची. लग्नाच्या साली देवाजीभाऊंनी मला स्वतः तयार केलं आणि एक पाय आखूड करून ठेवला. त्यावरून त्यांची बायको रुखमाबाई अजून त्यांना टोमणे मारते.

उन्हाळा म्हणजे माझं राज्य. तेव्हा मी अंगणात असते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया माझ्याभोवती बसून पुडे बांधतात. हातांपेक्षा तोंडंच जास्त चालतात, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसते ती रुखमाबाई.

पण आभाळ भरून आलं की मला आत नेतात आणि मला भीती वाटू लागते. नाला भरला की आमचा रस्ता बंद. मग आजारी माणसाला बाजेवर निजवायचं, बाजेला बांबू बांधायचे आणि चौघांनी खांद्यावर घेऊन निघायचं, ही इथली रीत. काही वर्षांपूर्वी रुखमाबाईच्या जावेला, झिंगूला, साप चावला. तिला माझ्यावरूनच नेलं. पाणी उतरायची वाट पाहत सगळे काठावर थांबले, आणि तिथंच ती गेली.

तेव्हापासून उन्हाळा सरला की रुखमाबाईच्या तोंडाला कुलूप लागतं. मागच्या वर्षी तर तिनं अंथरूणच धरलं. देवाजीभाऊ मायेपोटी म्हणायचे, "पडून राय तू. मी करतो सारं." पाणी त्यांनी भरलं, चूल सून हर्षानं सांभाळली. रुखमाबाईला उठायला कारणच उरलं नाही. मी फार घाबरले होते. ही आता माझ्यावरून उठणारच नाही, असं मला वाटायचं.

एके सकाळी देवाजीभाऊंनी बांबू आणले आणि मला बांधायला घेतले. नाला भरायच्या आधी तिला दवाखान्यात न्यावं, एवढाच त्यांचा हेतू. पण बांबू पाहताच रुखमाबाई ओरडली.

"मले याच्यावर नका नेऊ! झिंगू गेली तशी मी नाई जात!"

"मंग कशी नेऊ तुले?" देवाजीभाऊ रडकुंडीला आले.

हर्षानं सासूचा हात धरला. "आत्याबाई, चालत जाऊ. मी आहो ना सोबत."

रुखमाबाई उतरली. थांबत, बसत, पण आपल्या पायांनी नाल्यापलीकडे गेली. मी दारात रिकामी पडून होते. संध्याकाळी ती परतली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मनही आजारी पडतं. गोळ्या द्या, हिला एकटं पाडू नका, झेपेल तेवढं काम करू द्या. एका दिवसात काही बदललं नाही. ती हसली ती थेट दिवाळीच्या सुमारास.

आज पुन्हा ढग आलेत. भीती तिचीही गेली नाही आणि माझीही नाही. पण मला आत नेताना एका बाजूला देवाजीभाऊ होते आणि दुसऱ्या बाजूला स्वतः रुखमाबाई. मला भिंतीशी टेकवून ती त्यांना म्हणाली, "उद्या माह्यासंग दवाखान्यात चला जी. आतून भेव वाटून राह्यलं."

मित्रांनो, ऋतू पालटताना तुमच्या घरातलं कुणी गप्प झालं, तर 'पडू दे' म्हणून सोडू नका. जवळ बसा, विचारा, हात धरून बाहेर न्या. दमलात तर माझ्यावर खुशाल झोपा. पण कुणाला माझ्या भरवशावर एकटं टाकून जाऊ नका. मी बाज आहे, मला कुणाला उठवता येत नाही.