बुटका ओटा

“अहो, हा ओटा बघा,” म्हणत बायकोने लेकीचा टॅब माझ्या नाकापर्यंत आणला. “किती बुटका. अगदी माझ्या बेताचा.”

तो ओटा तिचाच होता. टॅबवर आमच्याच घराची जाहिरात उघडली होती आणि ती परक्याचं घर बघावं तशी एकेक फोटो पुढे सरकवत होती.

लग्नानंतरच्या नव्या नवलाईत मी तिला पाटावर उभं राहून स्वयंपाक करताना पाहिलं. त्या रविवारी ओट्याची फरशी उतरवली, खालचा विटांचा एक थर काढला आणि पुन्हा बसवली. मी पंप दुरुस्त करणारा माणूस, गवंडीकाम काही माझं नव्हे. डाव्या अंगाला उतार राहिलाच. दूध उतू गेलं की त्याच कोपऱ्यात जायचं.

गेल्या वर्षापासून तिची आठवण विरत चालली आहे. एकदा गॅस तसाच चालू ठेवून ती घराबाहेर पडली आणि मोठ्या रस्त्यावर, गाड्यांच्या मधोमध सापडली. त्या दिवशी लेक म्हणाली, आता पुरे, माझ्याकडे चला. आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आलो आणि आमचं घर विकायला काढलं. जावई भला माणूस, पण त्या घरात आमच्या हिचं मन काही रमेना. दिवस कलला की पिशवी घेऊन दाराशी बसायची. “घरी कधी जायचं हो?” रोज तेच. उत्तरं देऊन देऊन आम्ही सगळे मेटाकुटीला आलो होतो.

घराला गिऱ्हाईक चांगलं मिळालं. शाळेत शिकवणारी एक बाई आणि तिचा नवरा. त्यांची बोली आम्ही स्वीकारली, फक्त कागद व्हायचे राहिले होते. तरी जाहिरात जागची हलेना, तेव्हा मी दलालाला फोनवर झापलं. तो म्हणाला, काका, कागद होईपर्यंत ठेवायचीच पद्धत आहे, आयत्या वेळी गिऱ्हाईक फिरलं तर दुसरं हाताशी हवं. मी म्हटलं, अरे, मुलीचं लग्न ठरल्यावर कुणी स्थळं बघत बसतं का? तो हसला. जाहिरात तशीच राहिली, आणि हिच्या हाती लागली.

“या घरातली बाई बुटकी असणार,” ती म्हणाली.

“असेल.”

“आणि नवरा मायाळू. नाहीतर कोण एवढा ओटा खाली घेतो?”

उभ्या संसारात हिने माझं तोंडावर कौतुक केलेलं मला आठवत नाही. ओटा झाला तेव्हा म्हणाली होती, उतार राहिलाय. आता परका म्हणून करत होती आणि मी पठ्ठ्या मान खाली घालून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटला.

मग तिने विचारलं, हे घर आपण घेऊ या का? मी म्हटलं, बघू. तेवढं तिला पुरलं. पिशवी कपाटामागे गेली ती गेलीच. संध्याकाळ झाली की आम्ही दोघं टॅब घेऊन बसायचो आणि ती सामान लावायची. पलंग इकडे, कपाट तिकडे. शिवणाचं मशीन तिने नेमकं त्या खिडकीखाली ठेवायचं ठरवलं, जिथे ते इतकी वर्षं होतं. मी मान डोलवायचो. दलालाच्या आळशीपणाला मनातल्या मनात दुवा द्यायचो.

एकदा लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, मोडू या का गं सौदा? ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा,” ती म्हणाली, “घरी जायचंय असं आई पहिल्यांदा कुठे म्हणाली?”

आमच्या त्याच घरात म्हणाली होती. त्याच ओट्याशी उभी राहून, हातात चमचा धरून. मी तेव्हा थट्टा समजून हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईचा फोन आला. काका, रागावू नका, म्हणाली. जाहिरात अजून दिसतेय म्हणून नवऱ्याच्या जिवाला घोर लागलाय. आम्ही भाड्याची जागा सोडतो म्हणून सांगून बसलोय. तुमचा विचार बदलला नाही ना? मी म्हटलं, बाई, शब्द दिलाय. ठेवणार होतो तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, ओट्याचं काय करणार?

“उंच करून घेऊ, काका. वाकून वाकून माझी कंबर धरेल.”

बरोबरच होतं तिचं. मी दलालाला फोन लावला.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बसलो. जाहिरात होती, फोटोही होते, पण पहिल्याच फोटोवर, आमच्या दारावरून आडवी लाल पट्टी आली होती. हिला वाचता अजून येतं. तिने बोट ठेवून वाचलं.

“सौदा झाला.” मग माझ्याकडे बघितलं. “अहो, गेलं ते.”

“फोटो आहेत की अजून,” मी म्हटलं. “बघ ना. ओटा बघ.”

“नको. दुसऱ्याचं घर कशाला बघायचं?” तिने टॅब पालथा घातला. माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा, कारण माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती मला समजावू लागली. “जाऊ द्या. आपल्या नशिबात नव्हतं. आपलं घर काय वाईट आहे? चला, अंधार पडायच्या आत जाऊ.”

कपाटामागून पिशवी निघाली. मी नाही म्हटलं नाही. जिना उतरलो, हात धरून इमारतीला एक फेरी मारली आणि तिला दम लागला तसे पुन्हा वर आलो. मी बेल वाजवली.

लेकीने दार उघडलं. बायकोने पदर सारखा केला, पाहुण्यासारखी हसली, आणि चपला काढून भिंतीलगत एका कडेला, कुणाच्या पायात येणार नाहीत अशा, नीट जोडून ठेवल्या. तिच्याशेजारी मी माझ्या ठेवल्या.