किहाराच्या तिवईचा राग

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड गोड बोलतात. मला ते जमायचं नाही. माझ्या एका पायावर चटक्याचा काळा डाग आहे, बैठकीच्या कडेला चिमुकल्या दातांच्या खुणा आहेत, आणि गेली अडीच वर्षं या स्वयंपाकघरात जे चाललं होतं ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. तेव्हा ऐकायचं तर ऐका, पण मी आवाज खाली ठेवणार नाही.

मला किहाराने घडवलं. चहाच्या मळ्यांच्या उतारावर त्याचं घर, आणि घराला लागून हे धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर. लग्न झालं त्या वर्षी त्याने एका झाडाचा ओंडका अंगणात आणला आणि वाकसाने महिनाभर तासला. मला ना सांधा, ना खिळा. बैठक आणि तीन पाय, सगळं एकाच लाकडातून. मातीची जमीन उंचसखल असते. तिच्यावर चार पाय डुगडुगतात, तीन पाय घट्ट बसतात. पण माझ्यात एक खोड आहे. मधोमध बसलात तर मी हलणार नाही, काठावर उभे राहिलात तर मी उलटते. किहारा ज्याला त्याला बजावायचा, "हिच्यावर बसायचं, उभं राहायचं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या तिवईवर दुसरं कुणी बसत नाही. बायका नाहीत, पोरं तर नाहीतच. एवढी वर्षं मी एकाच माणसाचं वजन पेललं आणि मला त्याचा अभिमान होता.

आणखी एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. आमच्याकडे पहिल्या नातीला वडिलांच्या आईचं नाव देतात आणि पहिल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं. नाव दिलं की ते माणूसच पुन्हा घरात आलं असं समजतात. किहाराच्या बायकोचं नाव न्यागुथी. घरात तिला सगळे शोशो म्हणतात, म्हणजे आजी. पहिली नात झाली तेव्हा तीही न्यागुथी झाली. मग काय विचारता! म्हाताऱ्याला थट्टेला विषयच मिळाला. नातीला मांडीवर घेऊन तो माझ्यावर बसायचा आणि सुनेला म्हणायचा, "वैथिरा, हिच्याशी जरा जपून बोल हं. ही माझी धाकटी बायको आहे."

रोज संध्याकाळी पातेल्यातला पहिला कप तो स्वतः भरायचा. दूध जास्त, चहा नावाला. दोन्ही हातांनी त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीपुढे धरायचा आणि म्हणायचा, "घ्या, न्यागुथी." चुलीपलीकडून थोरली न्यागुथी ओरडायची, "आणि मला?" तो म्हणायचा, "तू तुझा ओतून घे, तुझं वय झालं." सगळे हसायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग किहारा गेला. आठ महिन्यांनी वैथिराला मुलगा झाला. नाव अर्थातच किहारा.

आता मी त्या पोराला नावं ठेवत नाही. अडीच वर्षांचं पोर हट्टी असायचंच. पेज दिली की "नाही." पेज उचलून नेली की भोकाड, कारण पेज हवी. सदरा घातला की काढणार, काढला की थंडी वाजते म्हणून रडणार. कोंबड्यांच्या पाण्याच्या घमेल्यात बूड टेकून बसणार. हे सगळ्या घरांत चालतं आणि कुणीतरी "अरे ए!" म्हणून त्याला उचलून आणतं. आमच्या घरात "अरे ए" म्हणायची सोय नव्हती. तो गुका होता ना! गुका म्हणजे आजोबा.

त्याची आई वैथिरा त्याला अहोजाहो करायची. सासऱ्याला अरे म्हणायचं कसं? हातात चमचा धरून बिचारी विनवणी करायची, "अहो गुका, एक घास घ्या ना. अहो गुका, कोंबडीला सोडा, ती मरेल." आणि शोशो? तिला नवराच परत मिळाला होता. "बघा बघा, माझे यजमान रागावले! तस्सेच रागावायचे!" मित्रांनो, मी शपथेवर सांगते, तो माणूस एकदाही तसा रागावला नाही. भांडं फेकणं सोडा, तो रिकामा कपसुद्धा आवाज न करता खाली ठेवायचा. मी त्याच्या खाली चाळीस वर्षं होते, मला माहीत नसेल तर कुणाला?

पोरगं लाथ मारायचं, शोशो कौतुक करायची. मला ओढत अंगणात नेऊन चिखलात लोळवलं, कौतुक. मला चावलं, तेही कौतुक. "असू दे, त्यांचीच तिवई आहे." संध्याकाळचा पहिला कपही आता त्यालाच. एक घोट पिऊन तो उरलेला मांजरावर ओतायचा.

आणि यातलं जे काही बिघडेल ते कुणाच्या माथी? न्यागुथीच्या. ती आता दहा वर्षांची. त्याने पेज सांडली, "तुझं लक्ष कुठे होतं?" तो पडला, "तू ढकललंस." तो उगाच रडला, "तू काय बोललीस गुकांना?" शाळेतून आली की दप्तर उतरवायच्या आधी तो तिच्या कमरेवर. पोरीने तोंडातून शब्द काढला नाही. मूग गिळून बसायची आणि पेजेची भांडी घासायची. तिच्या पाठची वामुयू सहा वर्षांची, ती मात्र तोंडाळ. तिच्यावर कुणी काम टाकायलाच धजत नसे. जी पोर निमूट ऐकते तिच्यावरच सगळं लादायचं, हा कुठला न्याय?

त्या वर्षी न्यागुथीला एक गोष्ट मिळाली होती. शाळाशाळांच्या कवितावाचनाच्या स्पर्धेत तिच्या वर्गाचा गट जाणार होता, आणि पहिलं कडवं तिने एकटीने पुढे उभं राहून म्हणायचं होतं. भांडी घासताना ती ते पुटपुटायची. माझं पाठ झालं, मांजराचं झालं असेल. वैथिराने तिचा निळा स्वेटर धुऊन चुलीवर वाळवला. शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या फाटकाशी बस येणार होती. ती चुकली तर दुसरी नव्हती.

शनिवार उजाडला. वैथिरा पहाटेच मळ्यात पानं खुडायला गेलेली. न्यागुथी कपडे करून तयार. शोशो म्हणाली, "मी गाय पिळून येते, तोवर गुकांकडे बघ. आले की जा." चुलीवर चहाचं पातेलं रटरटत होतं. वामुयू दारात बसून भाजलेलं रताळं सोलत होती.

पोराला तो निळा स्वेटर हवा होता.

"माझं!"

"तुझं नाही, माझं आहे. मला शाळेत जायचंय."

"नाही! माझं!"

त्याने बाही ओढली, मग जमिनीवर अंग टाकलं, मग टाचा आपटल्या. तिने लक्ष दिलं नाही आणि तेच बरोबर होतं. मग तो उठला आणि मला ओढायला लागला. फरफटत, दगडांवर आपटत, थेट चुलीपाशी. पातेल्याच्या वरती फळीवर साखरेचा डबा होता. मला कळलं तो काय करणार. तो माझ्यावर चढला. मधोमध नाही हो, काठावर.

न्यागुथी ओरडली, "किहारा! खाली उतर!"

अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी त्याला त्याच्या नावाने, अरे करून हाक मारली होती. त्याने मागे वळून पाहिलं, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "नाही! मी गुका!"

ऐकलंत? त्या पोराला कळलं होतं. अडीच वर्षांचं पोर, पण आपल्या हातात काय दिलंय ते त्याला पुरतं कळलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझ्या तिन्ही पायांची गेली.

आणि मी उलटले. त्याला मी काय करणार? माझी घडणच तशी. तो पडता पडता पातेल्याच्या काठाला लटकला. न्यागुथीने एका हाताने त्याला खेचलं आणि दुसरा हात मध्ये घातला. उकळता चहा तिच्या त्या निळ्या बाहीवर आला. उरलेला निखाऱ्यांवर सांडला आणि घरभर वाफ झाली. माझा एक पाय चुलीत गेला. पोरगं माझ्या बैठकीवर तोंडावर आपटलं. ओठ फुटला, थेंबभर रक्त आलं आणि त्याने असं काही भोकाड पसरलं की उतारावरच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

न्यागुथी रडली नाही. तिने हात पोटाशी धरला आणि ओठ चावला. तिला रडायची सवयच राहिली नव्हती.

दुधाची बादली घेऊन शोशो दारात आली. तिला काय दिसलं? गुकांच्या ओठाला रक्त.

"गुकांना पाडलंस?"

"शोशो, तो तिवईवर..."

"तोंड वर करून बोलतेस? बाहेरून ऐकलं मी, अरे-तुरे करत होतीस! आपल्या आजोबांना! काढ तो स्वेटर. कुठेही जायचं नाही. बस गेली खड्ड्यात!" आणि तिने चुलीशेजारचा लाकडी डाव उचलला.

मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं. त्या क्षणी मला जर तोंड असतं तर मी त्या बाईला असं काही सुनावलं असतं की तिला ते जन्मभर पुरलं असतं.

बोलली वामुयू. तोंडात रताळं तसंच होतं.

"शोशो, हा गुका आहे ना?"

"हो! मग?"

"आणि हिचं नाव काय?"

"चूप बस!"

"हिचं नाव न्यागुथी. म्हणजे हीपण शोशोच आहे. मग तू शोशोला का मारतेयस? गुका जिवंत असते तर तुलाच ओरडले असते."

डाव वरच राहिला.  म्हातारीची नजर थोरल्या नातीवर गेली, आणि तेव्हा कुठे तिला ओली बाही दिसली. बाहीतून अजून वाफ निघत होती. शोशोने डाव टाकला. पोरीला ओढत पिंपापाशी नेलं आणि हात बाहीसकट गार पाण्यात बुडवून धरला. बऱ्याच वेळाने बाही कापून काढली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल, मधे फोड.

"अगं, बोलली का नाहीस?" शोशो म्हणाली. "बोलायचं नाही का गं?"

बोलू कधी दिलंत? मी विचारते, कधी?

पोरगं अजून गळा काढत होतं. पाय आपटत शोशोच्या झग्याला झोंबलं, मला उचल म्हणून. शोशोने मान वळवली आणि म्हणाली, "किहारा, खाली बस."

तो इतका चकित झाला की बसला.

मग म्हातारीने धाकट्या दोघांना शेजारणीकडे सोडलं, पोरीला आपली शाल पांघरली आणि रस्त्यावर आली. बस गेली होती. ज्या मोटरसायकलवाल्यांना ती रोज शिव्या घालायची त्यांच्यातल्याच एकाच्या मागे ती नातीला घेऊन बसली. आधी दवाखाना, तिथे पट्टी, मग स्पर्धा. संध्याकाळी दोघी परत आल्या तेव्हा वैथिराने विचारलं, "म्हटलीस का गं कविता?"

"पोचले तेव्हा आमचा गट व्यासपीठावरून खाली उतरत होता," न्यागुथी म्हणाली. "पहिलं कडवं दुसऱ्या मुलीने म्हटलं."

तुम्हाला वाटलं असेल, ती वेळेवर पोचली, टाळ्या पडल्या. नाही पोचली. आपण पोरांवर अन्याय करतो आणि मग कळल्यावर धावतो. बस काही तोवर थांबत नाही.

चहा झाला. पोरगं सवयीने पुढे आलं आणि हात पसरले. शोशोने पहिला कप भरला, दूध जास्त, चहा नावाला. मला कोपऱ्यातून उचलून चुलीपासून लांब, सपाट जागेवर ठेवलं आणि थोरल्या नातीला म्हणाली, "हिच्यावर बस."

"शोशो, ती गुकांची आहे."

"त्यांनीच तुला बसवली असती. बस."

पोर बसली. शोशोने कप दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "घ्या, न्यागुथी."

धाकट्याने "नाही! माझं!" म्हणून जमिनीवर अंग टाकलं. कुणी उठलं नाही. वैथिरा म्हणाली, "किहारा, तुझा कप पुढचा. थांब." त्याने थोडा वेळ टाचा आपटल्या, मग उठून रांगेत बसला. तोही पोरच आहे, त्याला कुणी थांब म्हणायची गरज होती.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका, जुनी म्हणून माळ्यावर जपून ठेवू नका. मला त्याचं काही नाही. घरात जे पोर रडत नाही त्याची बाही तेवढी वर करून बघा, रोज.

पट्टीचा हात मांडीवर ठेवून ती माझ्यावर बसली होती. किहाराचं वजन मला पाठ आहे. त्या घरातलं निम्मं काम उचलणारी ही पोर, मला वाटलं, चांगली जड असेल. ती इतकी हलकी होती की मला पुन्हा राग आला.